ढीग लहान का दिसतो

मागच्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतील एका बंगल्याच्या आवारात आंब्याचे काम संपवून आम्ही दोर गुंडाळत होतो, तेव्हा त्या घरच्या काकू बाहेर आल्या. त्यांनी अंगणात पडलेल्या फांद्यांकडे पाहिले, मान वर करून झाडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सकाळपासून चौघं जण वर-खाली करताय, आणि एवढंच काढलं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. झाड जवळजवळ पूर्वीसारखेच दिसत होते, काढलेल्या फांद्यांनी छोटा टेम्पोसुद्धा अर्धाच भरला असता, आणि आम्ही मात्र पूर्ण दिवसाचे पैसे मागत होतो. त्यामुळे त्यांना पडलेला प्रश्न रास्त होता. मी त्यांना झाडाखाली नेले आणि कोणत्या वाळक्या फांद्या उतरवल्या, कोठे दोन फांद्या एकमेकींवर घासून साल गेली होती, बांडगुळाचे किती झुबके होते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला कोठवर जावे लागले, हे बोटाने दाखवले. त्यांनी पैसे दिले, वर चहाही दिला. पण परतताना मला तेच जाणवत राहिले, जे या व्यवसायाच्या 11 वर्षांत शेकडो वेळा जाणवले आहे. आमच्या कामात उंचावर चढण्यापेक्षाही कमी कापून त्याचे पैसे मागणे अधिक अवघड आहे.

आमचा व्यवसाय लहान आहे. मी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते वयाने सर्वांत मोठे सहकारी, आणि दोघे तरुण भाऊ, एवढीच माणसे. सांगली, मिरज, कुपवाड आणि फार तर तासगाव, पलूसपर्यंत आम्ही कामे घेतो. लोक आम्हाला 'झाडं तोडणारे' म्हणून ओळखतात आणि दूरध्वनीवरील पहिले वाक्य बहुधा "एक झाड तोडायचं होतं" असेच असते. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर निम्म्याहून अधिक वेळा तोडण्याची गरज नसते. कधी एक फांदी छपरावर आलेली असते, कधी पानांनी पन्हळ तुंबत असते, कधी शेजाऱ्यांशी वाद असतो आणि त्याचे खापर झाडावर फुटलेले असते. या भेटींचे पैसे मी घेत नाही. त्यामुळे ज्या दिवशी मी सर्वांत चांगला सल्ला देतो, त्या दिवशी बहुधा माझी कमाई शून्य असते, आणि महिन्याचा हिशेब मांडताना ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात छाटणी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या भागात द्राक्षबागा आहेत आणि बागायतदारांच्या घरातील लहान मुलालाही काड्या बुडाशी कापणारी एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठीची ऑक्टोबरची गोडी छाटणी ठाऊक असते. मी स्वतः शाळा सुटल्यावर आजोळच्या मामाच्या बागेत कात्री चालवायला शिकलो. पण हेच ज्ञान मोठ्या झाडाजवळ आले की घात करते. द्राक्षवेल मांडवाच्या तारांवर विसावलेली असते, तिला स्वतःचे वजन पेलायचे नसते, आणि तिचा घड गेल्या हंगामातील काडीवर येणाऱ्या नव्या फुटीला लागतो. म्हणून दरवर्षी काडी कापणे हेच तिचे संगोपन आहे. अंगणातील कडुनिंब किंवा रस्त्याकडेचा वर्षावृक्ष स्वतःच्या बळावर उभा असतो. त्याच्या जाड फांद्यांमध्ये साठवलेले अन्न असते आणि दर वर्षी चढणाऱ्या लाकडाच्या वलयांनी प्रत्येक फांदी खोडात घट्ट गुंफलेली असते. अशा झाडाचा शेंडा मारला, सगळ्या फांद्या हातभर ठेवून बोडक्या केल्या, म्हणजे झाडाला नवे बळ येते असे मानणारे बागायतदार मला दर उन्हाळ्यात भेटतात. "आम्ही बाग खरडतो, तसं एकदा खरडून टाका," असे ते अगदी मनापासून सांगतात.

शेंडा मारलेले झाड महिन्या-दोन महिन्यांत हिरवेगार होते, हे खरे आहे. पाने गेल्यामुळे उपासमार होऊ नये म्हणून सालीखाली झोपलेले डोळे एकदम जागे होतात आणि कापलेल्या टोकाभोवती वीस-वीस फुटवे येतात. मालकाला वाटते, झाड पुन्हा तरुण झाले. पण हे फुटवे फांदीच्या आतून आलेले नसतात. ते फक्त बाहेरच्या थरांना चिकटलेले असतात, आणि त्यांच्याच मधोमध असलेले कापलेले लाकूड पावसाचे पाणी पिऊन हळूहळू कुजत जाते. चार-पाच वर्षांत फुटवे मनगटाएवढे, मग मांडीएवढे जाड होतात, पोकळ होत चाललेल्या बुडावर त्यांचे वजन वाढत राहते, आणि एप्रिल-मे महिन्यात वळिवाचा वारा सुटला की त्यांतील एखादा खाली उभ्या असलेल्या मोटारीवर येतो. मग मला दूरध्वनी येतो की झाड धोकादायक झाले आहे, ते काढून टाका. झाड धोकादायक कोणी केले हा प्रश्न तेथे विचारण्यात अर्थ नसतो, कारण पाच वर्षांपूर्वी कोयता घेऊन कोण आले होते ते कोणाला आठवत नाही. अनेकदा एखाद्या खोडाकडे पाहून मला त्याचा सगळा इतिहास दिसतो, आणि त्या वेळी या कामाबद्दल जितका अभिमान वाटतो तितकेच वाईटही वाटते.

अमेरिकेच्या वन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून आतील लाकूड तपासले आणि झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही हे दाखवून दिले. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते. हे एकदा समजले की फांदी कोठे कापायची याला फार महत्त्व येते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कड असते. ही कड त्या भिंतीचा पाया असते. कोयत्याने खोडाला घासून फांदी साफ केली की दिसायला काम सुबक होते, पण कड निघून जाते. दुसरीकडे हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. कडेच्या नेमके बाहेरून कापायचे, आणि तेही एकदम नाही. आधी फांदीवर थोडे पुढे खालून एक काप, त्याच्याही थोडे पुढे वरून दुसरा काप, म्हणजे फांदीचे वजन खोडाची साल सोलून न नेता खाली येते, आणि मग उरलेला खुंट कडेशी तिसऱ्या कापाने काढायचा. एका फांदीला तीन काप म्हणजे वेळही जवळजवळ तिप्पट. कोयता घेऊन येणारा माणूस तेच काम दोन घावांत करतो आणि त्याचा दर माझ्या निम्मा असतो. त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याला कोणी शिकवलेले नाही आणि त्याच्या हातावर पोट आहे. पण ग्राहकाने दोन्ही दर शेजारी ठेवले की मला समजावून सांगण्यासाठी पुन्हा झाडाखाली उभे राहावे लागते.

कापल्यावर काय लावणार, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. काहींना गेरू हवा असतो, काही जण डांबर आणून ठेवतात, आणि द्राक्षवाले स्वतःच मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कालवून देतात. डांबराला मी स्पष्ट नकार देतो, कारण त्याखाली ओल अडकून राहते. बोर्डोबद्दल मी वाद घालत नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी हे प्रमाण ज्या घरात पिढ्यानपिढ्या पाठ आहे, तेथे पेस्टचा एक हात फिरवल्याने मालकाला समाधान मिळते आणि झाडाचे फारसे नुकसान होत नाही. मात्र चुकीच्या जागी घेतलेला काप कोणतीही पेस्ट सुधारत नाही, एवढे मी बजावून सांगतो.

नारळाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. नारळाच्या खोडाला आंब्यासारखी वाढणारी साल नसते, त्यामुळे त्यावर पडलेला घाव त्या झाडाच्या आयुष्यभर उघडाच राहतो. तरीही चढायला सोपे जावे म्हणून खोडात कोयत्याने खाचा पाडलेले नारळ मिरजेच्या जुन्या वाड्यांमध्ये आजही दिसतात. आम्ही शिडी आणि दोराचे फास वापरतो आणि फक्त वाळलेल्या झावळ्या काढतो. हिरव्या झावळ्याही काढून शेंडा 'स्वच्छ' करून द्या, असा आग्रह झाला तर मी काम सोडून परत येतो, कारण नारळाला वाढण्यासाठी तो एकच शेंडा असतो.

आता जोखमीबद्दल. एक फूट जाडीची आणि 20 फूट लांबीची ओली फांदी सुमारे 400 किलो भरते. जमिनीवरून ती फांदी नाजूक दिसते आणि म्हणूनच "दोर कशाला, सोडा खाली" असे सल्ले मिळतात. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी मी एका गुलमोहोराची फांदी जुन्या, उन्हाने कडक झालेल्या दोराने उतरवायला घेतली. दोर तुटला, फांदी झोका घेऊन शेजारच्या घराच्या पत्र्यावर गेली आणि पत्र्यासह भिंतीचा कोपरा खाली आला. घरात त्या वेळी कोणी नव्हते. नुकसान मी भरून दिले, दोन महिन्यांची कमाई त्यात गेली, आणि ती फांदी पत्र्यावर पडतानाचा आवाज मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक दोरावर खरेदीची तारीख लिहिलेली पट्टी असते, जो दोर फांद्या उतरवायला वापरला तो माणसाच्या कमरेला कधीही बांधायचा नाही असा आमचा नियम आहे, आणि काम सुरू होण्यापूर्वी मामा प्रत्येक दोर हाताच्या चिमटीतून शेवटपर्यंत फिरवून पाहतात. त्यांची नजर आता थोडी अधू झाली आहे, पण दोराचा तुटलेला धागा त्यांच्या बोटांना लगेच कळतो.

चेनसॉ, म्हणजे आमच्या भाषेत नुसते 'मशीन', याची निगा हा रोज संध्याकाळचा तासाभराचा उद्योग आहे. पेट्रोलमध्ये 50 ला 1 या प्रमाणात, म्हणजे लिटरला 20 मिली, टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. अंदाजाने ओतले की पिस्टन जातो. साखळीला दररोज कानस मारावी लागते, कारण बोथट साखळी माणसाला जोर लावायला भाग पाडते आणि जोर लावताना पातीचे टोक कशाला टेकले तर मशीन उलटून अंगावर येते. झाडावर एका हाताने मशीन चालवायची नाही, हा नियम तरुण मुलांच्या अंगी बाणवायला मला दोन वर्षे लागली. हेल्मेट, जाड पँट, डोळ्यांवरचा चष्मा यांना सांगलीच्या मे महिन्यातील उन्हात कोणी आपखुशीने तयार होत नाही, आणि त्यांचे म्हणणेही मला समजते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी 6 वाजता चढतो आणि 11 वाजता उतरतो. यामुळे कामाचे दिवस वाढतात, आणि काही ग्राहकांना आमची दुपारची विश्रांती आळशीपणाची वाटते.

विजेच्या तारांजवळचे काम मी शक्यतो घेत नाही, आणि घ्यावे लागलेच तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोणाला चढू देत नाही. ओली फांदी वीज वाहून नेते, त्यासाठी तारेला हात लागावा लागत नाही. लाइन बंद असली तरी एखाद्या घरातील जनित्राची वीज चुकीच्या जोडणीमुळे उलट तारेत येऊ शकते, म्हणून लाइनमनने तारा जमिनीशी जोडून दिल्या आहेत हे मी स्वतः पाहतो. यासाठी कधी दोन दिवस, कधी आठवडाभर थांबावे लागते. तोवर माणसांची हजेरी चालूच असते.

अपघाताच्या भीतीइतकीच विम्याची चिंता असते. इतक्या लहान व्यवसायाला झाडावर चढणाऱ्या माणसांचा विमा देताना कंपन्या बराच विचार करतात. चौघांचीही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नावे आहेत. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि बँक खात्यात तेवढी शिल्लक राहते की नाही हे दर मे महिन्यात मी प्रत्येकाला विचारतो. पण 2 लाखांत एखाद्या घराचे आयुष्य सावरत नाही. कामगार भरपाईची तरतूद कायद्यात 1923 पासून आहे आणि माझ्याकडे काम करताना कोणाला इजा झाली तर जबाबदारी माझी आहे, याची जाणीव ठेवून मी दर महिन्याला काही रक्कम वेगळी काढतो. ज्या महिन्यात काम कमी असते त्या महिन्यात ती रक्कम काढणे जड जाते. तरीही मी ती काढतो, कारण त्या दोघा भावांपैकी धाकट्याला माझ्याकडे पाठवताना त्याच्या आईने फक्त एकच वाक्य उच्चारले होते, "दादा, तुमच्या भरवशावर देतेय."

परवानगीचा विषय मला थोडा सविस्तर लिहावासा वाटतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. झाड माझ्या आवारात, माझ्या आजोबांनी लावलेले, म्हणून मी ते कधीही तोडू शकतो, ही समजूत या कायद्यापुढे टिकत नाही. 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत झाडाला जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे येते, त्यामुळे झाड बोडके करणे ही केवळ छाटणी आहे असे म्हणून सुटका होत नाही. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. ही अट मला मनापासून पटते, पण तिच्यामुळे एक नवा पेच उभा राहतो. झाडाचे वय ठरवायचे कसे? जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर घेर मोजून अंदाज बांधता येतो, पण विहिरीजवळच्या चिंचेचा आणि माळावरच्या चिंचेचा घेर सारखा असला तरी वय सारखे नसते. ग्राहकाला वय कमी हवे असते. मी घरातल्या वृद्ध माणसांना विचारतो, जुनी छायाचित्रे मागतो, आणि जे दिसते तेच लिहून देतो.

शहराबाहेर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, हिरडा अशी झाडे आहेत. बांधावरचा आंबा काढायला बोलावणाऱ्या शेतकऱ्याला मी आधी परवानगी दाखवायला सांगतो, तेव्हा तो दुखावतो. एकदा एका मोठ्या संस्थेने सुट्टीच्या दिवशी पहाटे सहा झाडे काढून देण्यासाठी दुप्पट दर देऊ केला होता. मी नाही म्हणालो. सोमवारी त्या रस्त्याने जाताना सहा बुंधे दिसले, आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेतून सावलीसाठी कोणती झाडे लवकर वाढतात हे विचारणारा दूरध्वनी आला. मी सल्ला दिला, कारण लागणाऱ्या रोपांचा त्यात दोष नव्हता.

महापुरानंतरची कामे हा सांगलीतल्या माझ्या व्यवसायाचा असा भाग आहे, जो अन्य गावच्या माणसाला चटकन कळत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. त्या दिवसांत झाडांकडे कोण लक्ष देणार? माणसे, जनावरे, घरातले सामान वाचवण्याचीच घाई होती. पाणी उतरल्यावर झाडे उभी होती, म्हणून सगळ्यांना वाटले की ती वाचली. पण मुळांनाही हवा लागते. कित्येक दिवस पाण्याखाली राहिलेली बारीक मुळे गुदमरून मरतात, वर गाळाचा थर बसला की हवेचा मार्ग आणखी बंद होतो, आणि झाड वरून हिरवे असतानाच खाली त्याची पकड सुटत जाते. 2019 नंतरच्या उन्हाळ्यात मला नदीकाठच्या भागातून कडुनिंब वाळल्याचे एकामागून एक निरोप येत होते. कडुनिंब दुष्काळ सोसतो, पण साचलेले पाणी सोसत नाही. जांभूळ, करंज आणि अर्जुन मात्र पाय पाण्यात ठेवूनही तग धरतात.

त्या वर्षी मी पुष्कळ झाडे काढली आणि ते काम करताना मला अजिबात बरे वाटत नव्हते. पण काही ठिकाणी आम्ही कुदळ-फावडे घेऊन बुंध्याभोवतीचा गाळ मूळच्या मातीपर्यंत हाताने उकरला, मुळांना दुखापत होऊ नये म्हणून यंत्र लावले नाही, आणि वर फक्त वाळलेले तेवढेच काढले. त्यांतील बरीच झाडे जगली. गाळ उकरण्याचे पैसे द्यायला कोणी सहज तयार होत नाही, कारण त्यात फांद्यांचा ढीगच दिसत नाही. काही घरांनी पुरात सर्वस्व गमावले होते, त्यांच्याकडे पैसे मागणेच शक्य नव्हते. हरिपूर रस्त्यावरच्या एका गुरुजींच्या अंगणातले जांभूळ आम्ही तसेच करून दिले. ते दर जूनमध्ये एक टोपली जांभळे माझ्या घरी पाठवतात.

मुळांबद्दल लिहितोच आहे तर फरशांबद्दलही लिहिले पाहिजे. अंगण चिखलमुक्त व्हावे म्हणून खोडाला भिडवून सिमेंटच्या फरशा बसवतात, गटारासाठी एका बाजूची मुळे तोडतात, आणि दोन वर्षांनी झाड वाळायला लागले की कीड लागली असे समजून औषध विचारतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांबाबत खोडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचे निर्देश दिले होते. तेवढी जागा जरी सोडली तरी माझी निम्मी कामे कमी होतील, आणि ती कमी झालेली मला चालतील. मिरज तालुक्यातील भोसे गावच्या यल्लम्मा मंदिराजवळचा प्राचीन वड 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात जाणार होता. लोकांनी आवाज उठवला, रस्त्याची आखणी बदलली आणि झाड वाचले. 2022 मध्ये पावसात तोच वड कोसळला. मी तो पाहायला गेलो होतो. पडलेल्या फांद्यांजवळ उभी असलेली माणसे घरातले कोणी गेल्यासारखी हलक्या आवाजात बोलत होती.

झाड आतून पोकळ आहे का, हे ठरवणे ही आमच्या निर्णयातील सर्वांत नाजूक जागा आहे. मामा लाकडी हातोड्याने खोड गोल फिरून ठोकतात आणि आवाज जेथे भद्द होतो तेथे खडूची खूण करतात. पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड असे नसते. नळी पोकळ असूनही मजबूत असते. जर्मनीतील क्लाउस मॅथेक यांनी मांडलेला एक ठोकताळा आम्ही वापरतो. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचे निरोगी लाकूड सगळीकडून शिल्लक असेल तर झाडाला वेळ देता येतो. म्हणजे 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडात बाहेरून 10 सेंटिमीटर लाकूड चांगले हवे. पण ढोली एका बाजूला उघडी असेल, बुंध्याशी अळंबी उगवलेली असेल किंवा झाडाखाली शाळेचे मैदान असेल, तर मी हा ठोकताळा बाजूला ठेवतो. अशा वेळी "तोडा" असे सांगणारा मीच असतो, आणि तेव्हा झाड वाचवू पाहणारे लोक माझ्यावर रागावतात. त्यांचा राग मला इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा अधिक लागतो, कारण त्यांची आणि माझी आस्था एकच असते.

पावसाळ्याच्या तोंडावर कामांची झुंबड उडते आणि नेमक्या त्याच काळात वर घरटी असतात. बगळे आणि ढोकरी यांची वसाहत असलेल्या झाडाला पिल्ले उडून जाईपर्यंत आम्ही हात लावत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, पण कायदा नसता तरी पिल्लांनी भरलेली फांदी खाली सोडणे आमच्यापैकी कोणाला जमले नसते. विष्ठेच्या वासाने त्रासलेल्या रहिवाशांना हे पटवणे सोपे नाही. आग्यामोहोळ असेल तर त्या दिवशी आम्ही परत फिरतो. वटपौर्णिमेच्या आधी वडाच्या फांद्या मागणारे विक्रेते येतात. त्यांना मी देत नाही, आणि ज्या घरी वडाचे काम चालू असते तेथील वहिनींना झाडाजवळच पूजा करा असे सुचवतो. पिंपळ किंवा उंबर काढायची वेळ आली तर मामा आदल्या संध्याकाळी जाऊन नारळ ठेवतात आणि थोडा वेळ तेथे बसतात. औदुंबर हे दत्तक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात आहे. उंबराला हात लावताना येथील माणसाचे मन अडखळले नाही तरच नवल. मी त्यांना कधी घाई करत नाही.

पैशांचे गणित मात्र घाई करायला लावते. मार्च ते जून आम्हाला उसंत नसते, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत आठवड्यात दोन दिवस काम मिळाले तरी पुष्कळ. मुले उचल मागतात, ती द्यावी लागते. लहान ग्राहक त्याच दिवशी मोबाइलवरून पैसे पाठवतात. मोठ्या संस्थांची बिले तीन-तीन महिने अडकतात. पूर्वी मी लाकूड वखारीला विकून दर थोडा कमी ठेवत असे. नंतर लक्षात आले की लाकडाचा भाव ज्या दिवशी माझ्या कमाईचा भाग झाला, त्या दिवसापासून माझी नजर नकळत जाड फांद्यांकडे वळू लागली होती. हे स्वतःशी कबूल करायला मला वेळ लागला. आता लाकूड मालकाचे, त्याने ते वखारीला द्यावे किंवा ठेवावे, आणि माझी मजुरी वेगळी, अशी पद्धत मी ठेवली आहे. काही कामे त्यामुळे गेली.

या वर्षीपासून मी दरपत्रकही बदलले आहे. पूर्वी त्यात कोणत्या फांद्या काढणार हे लिहीत असे. आता कोणत्या ठेवणार आणि का ठेवणार, हे आधी लिहितो, आणि कामापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र एकाच जागेवरून काढून देतो. विश्रामबागेतल्या काकूंना ते कागद मिळाले नव्हते, ती चूक माझी. परवा मिरजेत एका जुन्या चिंचेचे काम सुरू होणार आहे. परवानगी हातात आली आहे, नवा दोर आणला आहे, आणि काल संध्याकाळी वखारवाल्या शेठनी मालकांच्या वतीने गाडी कोणती पाठवू असे मला विचारले. मी त्यांना छोटा टेम्पो पाठवायला सांगितले.